गोदाबाईच्या वांग्याचं बी

त्या साली तिवशाच्या पंचक्रोशीत माणसं कापसापायी पार येडी झाली होती. सात समुद्रांपलीकडे कुठल्याशा मुलखात गोरे गोऱ्यांशीच लढत होते, तिकडचा कापूस अडकून पडला आणि इकडच्या कापसाला कुणी ऐकला नव्हता असा भाव आला. लढाई त्यांची, पण वखर फिरला तो वऱ्हाडातल्या वांग्या-मिरच्यांवरून. जिथं हाताएवढी जागा दिसेल तिथं लोक सरकी टोचत होते. तुळशीच्या ओट्याला खेटून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, लावणारेही महाभाग होते. त्यांची नावं सांगत नाही, नातवंडं अजून गावात नांदत आहेत.

महादेवराव आणि खुशालराव या दोघा भावांची विहिरीजवळची बाडी या वेडातून कशी सुटावी? बाडी म्हणजे भाजीची जागा. वांगी, भेंडी, मिरची, कारल्याचे मांडव, सगळं तिथं पिकायचं. चैत्रात भावांच्या वाटण्या झाल्या आणि बाडीच्या मधोमध बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं. पलीकडच्या अर्ध्यात धाकट्या खुशालरावानं पऱ्हाटी लावली. अलीकडच्या अर्ध्यात थोरल्या महादेवरावानंही पऱ्हाटीच लावली. फक्त विहिरीच्या कडेला एक पट्टा त्यानं बायकोसाठी, मैनाबाईसाठी, सोडला, तोही ती दोन दिवस जेवली नाही म्हणून.

त्या पट्ट्यात वांग्याची पाच झाडं होती. मैनाबाईनं ती पेरली नव्हती. श्रावणात उकिरड्याच्या अंगाला, मोरीचं पाणी मुरतं तिथं ती आपोआप उगवलेली तिला सापडली. देठाजवळची जांभळी शीर बघून तिनं ओळखलं, हे सासूबाईंचं वांगं. गोदाबाईंनी ते पातुराहून, माहेराहून आणलं होतं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, काटेरी देठाचं, आणि भाजलं की असं लोण्यासारखं होणारं की चंपाषष्ठीच्या भरितासाठी शेजारपाजारच्या बायका आठ दिवस आधीच सांगून ठेवायच्या. बी मात्र गोदाबाईंनी कुणाला दिलं नाही. तेवढ्यापुरती म्हातारी चिक्कू होती. आणि घरात जेवढं बी होतं तेवढं वाटण्यांच्या गडबडीत जळून गेलं. म्हणजे आता सगळ्या वऱ्हाडात हीच पाच झाडं. ती गेली की सासूबाईंचं वांगं गेलं.

मैनाबाईनं पाचही रोपं मातीसकट काढून विहिरीजवळ लावली आणि रोज पहाटे तिथं जाऊन उभी राहू लागली. उभी राहिली की तिला हटकून ती जुनी हाक ऐकू यायची.

"चला वो पोरींनो, दव वाळून राह्यलं."

गोदाबाई होत्या तोवर वीस वर्षं या हाकेनं घराची सकाळ झाली. कोंबडा आरवो न आरवो, म्हातारी कमरेवर हात ठेवून बाडीच्या तोंडाशी उभी. मैनाबाई आणि तिची धाकटी जाऊ मनकर्णा, दोघी डोळे चोळत तिच्या मागे. सासूला त्या आत्या म्हणायच्या. दव असेतो फेरी झाली पाहिजे हा नियम. उन्हं वर आली की किडा पानाआड जातो, अळी शेंड्यात शिरते, आणि मग बघणारीला वाटतं की सगळं आलबेल आहे.

"अळी डोयानं दिसली म्हनजे आपन आठ दिवस उशिरा आलो," गोदाबाई म्हणायच्या. "अंडं दिसलं पायजे."

मैनाबाई उंच. तिच्याकडे वरचं काम. शेंडा ताठ आहे का, एखाद्यानं मान टाकली आहे का, कोवळ्या पानांवर मुंग्या चढताहेत का. मुंग्या चढल्या की वर मावा आहे असं समजायचं आणि ओल्या पानांवर चुलीतली राख भुरभुरायची. मनकर्णा बुटकी आणि डोळ्यांनी घारीसारखी. तिच्याकडे खालचं काम. ती वाफ्यात बसकण मारायची, एकेक पान उलटायची आणि पाठीवरचं मोहरीहून बारीक अंडं वेचून काढायची. कुठल्या पानावर अळीच्या लेंड्या पडल्या आहेत, हेही तिलाच आधी कळायचं.

सापडलेल्या प्रत्येक किड्यामागे एक तुरीचा दाणा ओटीत टाकायचा. फेरी संपली की दाणे कोनाड्यातल्या वाटीत. गोदाबाईंना आकडे येत नव्हते, पण कालची वाटी आणि आजची वाटी शेजारी ठेवून त्या अशा काही बघायच्या की दोघी सुनांचा जीव टांगणीला लागायचा. वाटी चढली की त्या दिवशी घरात दुसरं काम नाही.

आणि चिंध्या. ज्या झाडावर कीड सापडली त्याला धोतराची पांढरी चिंधी बांधायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथं आधी जाता येतं. जिथं एकटीला निर्णय करवत नाही, झाड ठेवावं की उपटावं कळत नाही, तिथं लुगड्याच्या काठाची लाल चिंधी. लाल चिंधी बांधलेल्या झाडाला दोघींनी मिळून बघितल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. गावातली माणसं जाता-येता हसायची. मोठ्या घरच्या झाडांनी मुंडावळ्या बांधल्या म्हणायची. हसेनात का, त्यांची वांगी किडकी निघायची आणि मग तीच माणसं टोपली घेऊन दारात यायची.

फेरी संपल्यावर विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडीच्या काठावर बसून पळसाच्या पानावर ज्वारीची भाकर आणि ठेचा. मनकर्णा खाताना बोलायची, बोलताना हसायची, आणि हसता हसता ठसका लागून डोळ्यांतून पाणी काढायची. एकदा तिच्या पोलक्यात सुरवंट गेला. ती अशी नाचली की गोदाबाईंच्या हातातली भाकर थारोळ्यात पडली. म्हातारी चिडून म्हणाली, "अवं, सुरवंटासाठी दाना टाकला का ओटीत?" त्यावर दोघी सुना पोट धरधरून हसल्या. किती साधी गोष्ट, पण आता बाडीत एकटी उभी राहून ती आठवली की मैनाबाई कुंपणापलीकडे बघत राहायची. तेव्हा काही कळलं नाही. तेव्हा ती नुसती सकाळ होती.

गोदाबाई गेल्या त्या आदल्या भाद्रपदात. म्हातारी होती तोवर भाऊ एका ताटात जेवत होते. ती गेली आणि कापसाची हाव दोघांच्याही अंगात शिरली. कुणाची जमीन काळी, कुणाची हलकी, यावरून रोज दारात तमाशा. शेवटी चैत्रात पंच बसले. बैल, भांडी, कणग्या, गोवऱ्या, जे होतं त्याचे दोन ढीग झाले. मजुरांनी भिंतीवरचं, कोपऱ्यातलं सगळं खरवडून पोत्यांत भरलं आणि इकडचं तिकडे टाकलं.

गोदाबाई वांग्याचं बी शेणात कालवून त्याच्या लहान लहान थाप्या न्हाणीमागच्या भिंतीला लावायच्या. शेणातल्या बियाला भुंगा लागत नाही. वळीव पडून जमीन निवली की थापी काढायची, फोडायची आणि वाफ्यात टाकायची. ज्येष्ठात मैनाबाई भिंतीपाशी गेली तेव्हा भिंत मोकळी होती. नुसते गोल डाग.

ती तशीच तरातरा मनकर्णेच्या दारात गेली. न्हाणीकडच्या गोवऱ्या धाकट्यांच्या वाट्याला गेल्या होत्या, हे तिला पक्कं वाटत होतं. ओसरीवर चार बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर ती म्हणाली, "मनकर्णे, आत्याच्या बियाच्या थाप्या चुलीत घातल्या तुनं. वीस वर्सं वाफ्यात बसून तुले गोवरी अन् थापी कळली नाई?"

मनकर्णेनं मान वर केली. क्षणभर तिच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. मग ती म्हणाली, "जळाल्या असन, बाई."

असन म्हणे. निदान कबूल तरी कर नीट. त्या एका शब्दानं मैनाबाईचं डोकं फिरलं आणि ती नको ते बोलून गेली. आंधळी म्हणाली, घरबुडवी म्हणाली. मनकर्णा ऐकून घेत राहिली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. कुंपणाला बोलता येत असतं, तर तेच तेवढं दोघींशी बोललं असतं.

आता कार्तिक लागला होता. पाच झाडांना मिळून अकरा फळं धरली होती. त्यातलं कोपऱ्यातल्या झाडाचं पहिलं, सगळ्यांत मोठं फळ मैनाबाईनं मनोमन बियासाठी ठेवलं होतं. आणि एका सकाळी तिला विहिरीच्या वाटेवरूनच दिसलं, दुसऱ्या झाडाच्या एका शेंड्यानं मान टाकली होती.

तिनं शेंडा खुडून चिरला. आत गुलाबी अळी. ती सोबतच्या खापरातल्या निखाऱ्यात टाकली, ओटीत दाणा टाकला. आता खालून पानं बघायला हवीत म्हणून ती बसली, पान उलटून डोळ्यांसमोर धरलं, आणि तिला नुसतं हिरवं धुकं दिसलं.

ही गोष्ट तिनं घरात कुणालाच सांगितली नव्हती. दूरचं तिला लख्ख दिसायचं. देवळाच्या कळसावर कावळा बसलाय की पारवा, ती अंगणातून सांगायची. पण जवळचं वर्षा-दोन वर्षांपासून पुसट होत चाललं होतं. तांदळातला खडा सुटायचा, सुईत दोरा जायचा नाही. आता हातातलं पान दिसत नव्हतं, तर त्यावरचं अंडं काय दिसणार?

तिनं महादेवरावाला हात धरून बाडीत आणलं. "पानामांगं काही हाय का, पाहा बरं."

महादेवरावानं पान उलटलं, सुलटलं. "काय राहते पानामांगं? पान हाय."

"बारीक ठिपका गिपका?"

"ठिपके तर सगळ्याच पानावर हाय. माह्यी वेचणी खोळंबून राह्यली, तू इथं ठिपके मोज." असं म्हणून तो निघून गेला. पुरुषांचे डोळे त्या साली बोंडाखेरीज कशावर ठरतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन शेंडे मलूल झाले आणि एका वांग्याला भोक पडलं. मैनाबाईनं त्या दिवशी वाट्या शेजारी ठेवल्या. काल एक दाणा, आज तीन. तिला सासूबाईंचा चेहरा आठवला. या चालीनं आठ दिवसांत अकराच्या अकरा फळं जाणार होती.

ती घरात गेली, जुन्या लुगड्याचा लाल काठ टरकन फाडला आणि कोपऱ्यातल्या झाडाशेजारी काठी रोवून तिला चिंधी बांधली. काठी मुद्दाम उंच घेतली, पलीकडून दिसावी म्हणून. कुणाला बोलावतेस, असं कुणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती की कावळे हाकलायला बांधली.

पलीकडे मनकर्णा बायकांबरोबर कापूस वेचत होती. दूरचं लख्ख दिसणाऱ्या मैनाबाईला स्पष्ट दिसलं की तिनं चिंधीकडे बघितलं, वेचता हात थांबला आणि मग तिनं पाठ फिरवली. बरोबर आहे, मैनाबाईनं मनाशी म्हटलं. आंधळी म्हणालो ना आपण तिला.

पुढच्या दिवशीही कुणी आलं नाही. आणखी एक फळ गेलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मैनाबाई बाडीत आली तेव्हा कुंपणाची एक काटी, बाभळीची काटेरी फांदी, बाजूला सारलेली होती. कोपऱ्यातल्या झाडाखाली मनकर्णा बसकण मारून बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

"दोन दिवस मुकाट पाहत राह्यली मी," ती पानाशीच बोलल्यासारखी बोलली. "वाटे, चिंधी काढन तुमी. नाई काढली."

"नाई काढली," मैनाबाई म्हणाली. ती झाडाजवळ आली.

"इथं अंडी हाय. हे पान, अन् हे. तिकडच्या झाडाचा मधला शेंडा पाहा कसा हाय. मले बसून दिसत नाई."

मैनाबाईनं बघितलं. "मान टाकली त्यानं."

"खुडा मंग."

सूर्य वर येईपर्यंत दोघी त्या पाच झाडांभोवती फिरल्या. वरचं मैनाचं, खालचं मनकर्णेचं. ओटीत सतरा दाणे जमले. दुसऱ्या दिवशी नऊ. मग पाच, मग तीन. दहाव्या दिवशी वाटी रिकामी राहिली आणि मैनाबाईनं ती रिकामी वाटी मनकर्णेला उचलून दाखवली. अकरांतली पाच वांगी वाचली, आणि त्यात बियाचं मोठं फळ होतं. दोघी कामापुरतं बोलत होत्या. पान, शेंडा, राख, पाणी, एवढंच. तरी मैनाबाईला रात्री झोप लागू लागली.

चंपाषष्ठीला दोन वांग्यांचं भरीत झालं. एक वाटी काटी सारून पलीकडे गेली, पलीकडून दोन रोडगे आले. त्या दिवशी मैनाबाईनं मोठ्या मनानं म्हटलं, "झालं गेलं सोड, मनकर्णे. तुह्या हातून जळालं ते जळालं. माह्या मनात काही नाई आता."

मनकर्णा हसली. "बरं, बाई," म्हणाली आणि वाटी धुऊन परत केली.

पौषात बियाचं फळ झाडावरच पिवळंजर्द झालं. मैनाबाईनं ते तोडलं, पाण्यात कुस्करलं. भरलेलं बी तळाशी बसलं, पोचट वर तरंगलं. भरल्या बियाच्या तिनं शेणात थाप्या केल्या. तरंगलेलं पोचट बी सुपात वाळत पडलं होतं, ते तिनं दुपारी चुलीत झटकलं.

चूल तडतडली. बारीक, भराभर, लाह्या फुटाव्यात तशी तडतड, आणि मागून एक करपट वास.

मैनाबाई सूप हातात धरून तशीच बसली. हा आवाज तिनं ऐकला होता. वाटण्यांनंतर वेगळ्या चुलीवर पहिला स्वयंपाक केला त्या दिवशी. नव्या पोत्यातल्या गोवऱ्या तिनं न बघता आत सारल्या होत्या. बघितल्या असत्या तरी जवळचं कुठं दिसत होतं? चूल अशीच तडतडली होती, आणि तिला केवढा आनंद झाला होता. चूल हसते आहे, पाहुणा येणार, असं ती मोठ्यानं म्हणाली होती. आणि खरंच दारात कुणीतरी आलं होतं. मनकर्णा. तिची चूल पेटत नव्हती म्हणून एका गोवरीवर विस्तव मागायला आलेली. ती चुलीपाशी वाकली होती, आत बघत बराच वेळ तशीच राहिली होती, आणि विस्तव घेऊन एक शब्द न बोलता निघून गेली होती. वाटण्या मनाला लागल्या असतील बिचारीच्या, असं मैनाबाईला तेव्हा वाटलं होतं.

तिनं सूप खाली टाकलं आणि पदर सावरायचंही भान न ठेवता निघाली. काटी सारायला ती थांबली नाही, हातावर ओरखडे उठले. मनकर्णा ओसरीवर सरकी निवडत बसली होती.

"त्या दिवशी तू विस्तव न्याले आली होती," मैनाबाई म्हणाली.

मनकर्णेनं तिच्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. "आली होती."

"थाप्या माह्या चुलीत होत्या."

"होत्या."

"पाह्यलं तुनं."

"अर्धी जळाली होती एक. बी दिसत होतं आत. काढाले हात घालन म्हनलं, तं तेवढ्यात तेही तडतडलं."

"मंग बोलली काहून नाई? चार बायकांत मी तुले आंधळी म्हनलं. घरबुडवी म्हनलं. तेवाही बोलली नाई."

मनकर्णेनं सूप बाजूला ठेवलं. "आत्याले जाऊन वरीसही नवतं झालं, बाई. त्यायचं बी तुमच्याच हातानं गेलं, हे तुमाले कळलं असतं तं तुमी अंथरून धरलं असतं. मले ठावं हाय तुमी कशा हाय ते. मले काय, मी ऐकून घेतलं. चार दिवस रडली, मंग वेचणी आली."

मैनाबाई ओसरीच्या पायरीवर मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. आतून खुशालराव डोकावला आणि बायकांचं काही आहे असं बघून परत आत गेला. मनकर्णेनं तिच्या हातात रुतलेला काटा बघितला, दोन नखांत धरून अलगद काढला आणि ओरखड्यावर चुलीतली राख लावली.

संध्याकाळी थाप्यांचे दोन वाटे झाले. अर्ध्या या भिंतीला, अर्ध्या त्या भिंतीला. मैनाबाईनं त्या स्वतः मोजल्या नाहीत, मनकर्णेलाच मोजायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैनाबाई जागी झाली ती हाकेनंच. तिला वाटलं, स्वप्न आहे. मग पुन्हा आली, कुंपणापलीकडून, बुटक्या बाईच्या जाड्याभरड्या आवाजात.

"उठा वो बाई, दव वाळून राह्यलं."

बाडीत आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. फळं उतरली होती, झाडं सुकत चालली होती. तरी मैनाबाई उठली, डोक्यावर पदर घेतला आणि फेरीला निघाली.